नको म्हणायची सोय

माझ्या वडिलांच्या रत्नागिरीतल्या खताच्या दुकानातून युरियाची गोणी कधी एकटी बाहेर पडली नाही. भाताच्या लावणीचे दिवस आले की पार पावस गावापर्यंतचे शेतकरी यायचे, गोणी मागायचे, आणि बाबा त्या गोणीवर एक हिरवी बाटली ठेवायचे. आत समुद्री शेवाळाचा अर्क आहे असं बाटलीवर लिहिलेलं असे. तो अर्क मागायला आलेला एकही माणूस मी त्या दुकानात पाहिला नाही. शेतकरी बाटलीकडे बघायचा, मग बाबांकडे बघायचा आणि म्हणायचा, "ही कशाला?" बाबा म्हणायचे, "वरून आलीय."

खताच्या धंद्यात याला लिंकिंग म्हणतात. कंपनी दुकानदाराला सांगते, युरिया हवा असेल तर आमचा हा न खपणारा मालही उचल. दुकानदार उचलतो, कारण युरिया नसेल तर त्याच्या दुकानाला अर्थ नाही. मग तो तोच माल शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो, कारण शेतकऱ्यालाही युरिया हवाच असतो. हे बेकायदेशीर आहे हे कंपनीला माहीत, दुकानदाराला माहीत, शेतकऱ्यालाही माहीत. आमच्या एका गिऱ्हाइकाने अशा बाटल्यांची शेतातल्या मांगरात, अवजारांच्या खोपटात, फळीवर रांग लावली होती आणि पाहुणे आले की तो त्या कौतुकाने दाखवायचा.

मी मुळातच भांडकुदळ. कॉलेजात असताना मी बाबांना दुकानातच, दोन गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, "तुम्ही लोकांना लुबाडता." ते चिडले नाहीत. म्हणाले, "मी लावत नाय गो. मला लावलंय. मी फक्त पुढं सरकवतो." त्या उत्तराचा मला इतका राग आला की पुढची कित्येक वर्षं मी दुकानाच्या हिशेबाला, मालाला, कशालाच हात लावला नाही.

आणि गंमत अशी की पुढे माझा स्वतःचा उद्योग उभा राहिला तो त्याच दुकानाच्या माळ्यावर. जागा फुकट होती आणि खताचा वास एकदा नाकात बसला की पुन्हा जाणवत नाही. मी आणि माझी भागीदार, आम्ही दोघी आधी एकाच तंत्रनिकेतनात शिकवायचो. ती खाडीकाठच्या मुसलमान घरातली, भाऊ कुवेतला, वडील आयुष्यभर जहाजावर. माझ्यापेक्षा हुशार आणि माझ्यापेक्षा शांत. आम्ही भांडायचो तेव्हाही मीच भांडायचे.

आम्ही बनवलं ते सॉफ्टवेअर साधं होतं. गुहागर तालुक्यातल्या एका गणिताच्या शिक्षिकेची ती गरज होती. आजूबाजूच्या चार लहान शाळांना गणिताचा शिक्षक नव्हता आणि या बाई चारही शाळांना एकाच वेळी शिकवायला तयार होत्या. अडचण रेंजची. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या शाळांत रेंज कधी येते, कधी जाते, आणि चित्र पाठवायला गेलं की सगळंच थांबतं. म्हणून आम्ही चित्र काढूनच टाकलं. बाईंचा आवाज जायचा आणि त्या जे लिहितील त्या खडूच्या रेघा जायच्या. बस्स. रेंज अगदी मरायला टेकली तरी रेघ पोचायची. आम्ही त्याला नुसतं फळा म्हणायचो.

फळा चालला. एका शाळेकडून दुसऱ्या शाळेला कळलं, तिच्याकडून तिसरीला. कित्येक गावांत वर्षाची वर्गणी गावच्या मुंबईकर मंडळाने भरली. आमच्याकडे गणपतीला वर्गणी काढतात, देवळाच्या कौलांना काढतात, तशी फळ्यालाही काढली. शाळेतली मुलं मला आणि माझ्या भागीदाराला "फळ्याच्या बाई" म्हणायची. मला तो किताब फार आवडायचा, आजही आवडतो.

मग एक दिवस राजापूरच्या एका हायस्कुलातून फोन आला. मुख्याध्यापक अत्यंत सज्जन, बोलणं सावकाश. म्हणाले, "बाई, पुढल्या वर्षी फळा नको. आमच्या कॉम्प्युटरवर आता आपोआप आलंय काहीतरी. मीटिंगचं. आयतं आलंय, तर मग तुमचं कशाला?"

ते आयतं कुठून आलं हे शोधायला वेळ लागला नाही. जगातल्या एका फार मोठ्या कंपनीचं ऑफिसचं सॉफ्टवेअर प्रत्येक शाळेत होतं. पत्रं त्यात, निकालपत्रकं त्यात, वरून येणारे तक्ते त्यातच उघडायचे. त्याला पर्याय नव्हता. त्या कंपनीने आता त्याच्या पोटात आपलं मीटिंगचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. कॉम्प्युटर चालू केला की ते आपलं आपण उघडायचं. बंद केलं की परत यायचं. काढायला गेलं तर काढायचं बटणच नव्हतं. वेगळे पैसे नव्हते, असं कंपनी म्हणायची. मूळ सॉफ्टवेअरची किंमत त्याच वर्षी वाढली होती, ते वेगळं.

एकेक शाळा गळायला लागली. मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? सड्यावरच्या शाळांत ते चालत नव्हतं. चित्र थिजायचं, बाईंचा आवाज तुटायचा, मुलं उठून पळायची. पण दोष कुणी त्या सॉफ्टवेअरला देत नव्हतं. "रेंज नाही" म्हणायचे आणि तास सोडून द्यायचे. त्याच रेंजवर वर्षभर गणित शिकलेली मुलं होती ती! मी मुख्याध्यापकांना गाठून हे सांगायचे, तर ते म्हणायचे, "होय हो, पण हे आता आहेच ना." आहेच. या एका शब्दापुढे माझं काही चालेना.

दीड वर्षात आमच्याकडे एक तृतीयांशसुद्धा शाळा उरल्या नाहीत. गुहागरच्या बाईंच्या चार शाळांपैकी दोन गेल्या. माझ्या भागीदाराला भावाने कुवेतला नोकरी बघून ठेवली होती. तो दर शुक्रवारी फोन करायचा. ती मला म्हणाली, "मी तुला सोडून जात नाय. पण असंच चाललं तर आपण दोघीही हितं नसू. एवढी तक्रार तरी करून बघू, मग ठरवते." तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, म्हणून मला ते जास्त लागलं. ती गेली तर फळा संपला हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याच्या आतलं निम्मं काम तिच्या डोक्यात होतं आणि उरलेलं निम्मं मला तिच्याशिवाय करायचं नव्हतं.

तक्रार कुणाकडे करायची, तर दिल्लीत एक आयोग आहे. बाजारात मोठ्याने लहानाचा गळा दाबला तर तो बघणारा. मी तक्रार लिहायला बसले आणि चाळीस पानं लिहून काढली. त्यात आमच्या रेघा कशा जातात, त्यांचं चित्र का थिजतं, सगळं होतं. ती चाळीस पानं मी माळ्यावर भागीदाराला मोठ्याने वाचून दाखवत होते, तेव्हा बाबा जिन्यात उभे राहून ऐकत होते. वर आले, गोणीवर टेकले आणि म्हणाले, "अगो, एवढं कशाला लिहितेस? ही लिंकिंग हाय."

माझा संताप झाला. ज्या माणसाने आयुष्यभर हिरव्या बाटल्या खपवल्या त्याने मला हे सांगावं? मी काहीतरी बोलले, ते इथे लिहीत नाही. बाबा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बोलून झालं? आता ऐक. तीन प्रश्न. गिऱ्हाईक दुसरी वस्तू मागायला आलं होतं काय? पहिली वस्तू त्याला दुसरीकडं मिळते काय? आणि त्यानं 'नको' म्हटलं तर काय होतं? तिन्हींची उत्तरं वाईट आली की लिंकिंग. तुझ्या रेघाबिघा राहू दे बाजूला."

माझ्या भागीदाराने माझ्या हातातली चाळीस पानं घेतली आणि उलटी करून कोऱ्या बाजूवर ते तीन प्रश्न लिहून काढले.

आमची वकील मुंबईत असते, माहेर गुहागरचं. त्या माहेराच्या जोरावरच तिने आमचं काम घेतलं. रत्नागिरीला आली तेव्हा तिने ते तीन प्रश्न वाचले, पुन्हा वाचले आणि विचारलं, "काका, हे कायद्याच्या कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"पुस्तकात नाय हो वकीलबाई," बाबा म्हणाले, "तीस वर्षं करतोय."

तक्रार गेली. आयोगाने ती फेटाळली नाही, चौकशी लावली. तेवढ्यानेच आम्ही दोघी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या महिन्यात कंपनीचं उत्तर आलं, इतकं जाड की ते टपालाने येतं तर पोस्टमन मला शिव्या देता. वकिलाने ते रात्रंदिवस वाचलं आणि एका सकाळी फोन केला. तिचा आवाज बरा नव्हता. "पाटी म्हणजे काय?" तिने विचारलं.

आता सांगायलाच हवं. फळ्यावर लिहायला आम्ही शाळांना एक छोटी पाटी द्यायचो, पेनने लिहायची, वायरने जोडायची. भागीदाराच्या भावाने कुवेतहून एकदा स्वस्तात मिळाल्या म्हणून मोठा खोकाच्या खोका पाठवून दिला होता. त्या पाट्या पडून राहू नयेत म्हणून आम्ही ठरवलं की फळा घ्यायचा तर पाटीही घ्यायची. खरं तर पाटीशिवायही फळा चालू शकला असता. मोबाईलवर बोटाने लिहिलं तरी रेघ गेली असती. अक्षर जरा वेडंवाकडं आलं असतं, इतकंच. पण आम्ही शाळांना तसं कधी सांगितलं नाही. कंपनीच्या उत्तराला एका शाळेला आम्ही दिलेली पावती जोडली होती. माझ्याच हाताने लिहिलेली. "फळा, पाटीसह. पाटीशिवाय मिळणार नाही." आणि शेवटच्या शब्दांखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. ठसठशीत.

तक्रारदार स्वतःच तेच करतात, असं कंपनीचं म्हणणं होतं.

मला इतकी शरम वाटली की मी फोन ठेवून खाली गेले नाही, वरच बसून राहिले. बाबांना कळायला अर्धा तास लागला. ते वर आले, पावतीची प्रत बघितली, दोन रेघा बघितल्या आणि पोट धरून हसायला लागले. "खाण तशी माती!" ते म्हणाले. "कॉलेजातनं येऊन मला शिकवत होतीस!" हसून हसून त्यांना ठसका लागला. मी रडत होते आणि त्यांना पाणीही देत होते.

वकील म्हणाली, घाबरू नका. कायदा बाजार ज्याच्या मुठीत आहे त्याला लागू होतो, तुमची मूठ ती केवढी. शाळांना पर्याय होते, त्या दुसऱ्याकडे जाऊ शकत होत्या. तिचं कायद्याच्या दृष्टीने बरोबरच असणार. पण मला त्याने बरं वाटेना. त्या पावतीवरचं अक्षर माझं होतं. ज्या मास्तरांनी मुकाट्याने पाटी घेतली असेल त्यांनी मनात काय म्हटलं असेल, ते मला ऐकू येत होतं. हिरव्या बाटलीकडे बघणारे शेतकरी मी लहानपणापासून बघितले होते.

त्याच आठवड्यात आम्ही उरलेल्या प्रत्येक शाळेला पत्र पाठवलं. पाटीशिवायही फळा चालू शकतो, हे आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पाटी नको असेल तर परत पाठवा, पैसे मिळतील, फळा चालू राहील. भागीदाराने पत्राखाली सही केली आणि मग कपाळाला हात लावला. "पाट्या परत आल्या तर भाईला काय सांगू? तो अजून विचारतो, खपल्या काय म्हणून!"

फळ्याच्या आतही आम्हाला बदल करावा लागला. आधी पाटी जोडलेली नसली तर तो उघडायलाच तयार नसे. तशी अट आम्हीच घातली होती. ती काढून बोटाचं अक्षर जरा सुधारायला आम्हा दोघींना एक महिना लागला. पाट्या एसटीच्या पार्सलातून परत यायला लागल्या. बाबा आपणहून स्टँडवर जाऊन आणायचे आणि दर खेपेला हसत विचारायचे, "ही कशाला?"

पण एका पार्सलानंतर ते हसले नाहीत. खाली जाऊन त्यांनी खडूने एक फलक लिहिला आणि दुकानाच्या दाराला लावला. "युरिया एकटा मिळेल." पुढच्या खेपेला कंपनीचा विक्रेता आला तेव्हा बाबांनी त्याला सांगितलं, "बाटल्या उतरवू नकोस." तो म्हणाला, "मग गोण्याही उतरत नाहीत, काका." बाबा म्हणाले, "नको उतरवू." त्या लावणीला आमच्याकडे जवळजवळ माल नव्हता. जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. बाबा गल्ल्यामागे पेपर वाचत बसायचे आणि मी विचारलं तर म्हणायचे, "आराम आहे." पुढच्या लावणीला तालुक्यातले आणखी चार दुकानदार त्यांच्यासोबत उभे राहिले, आणि त्या पाचही दुकानांवर गाडी बाटल्यांशिवाय आली. त्या दिवशी बाबांनी पहिल्या गिऱ्हाइकाची गोणी स्वतः रिक्षात ठेवली. मी त्यांना कधी नव्हे ते सर्वांसमोर म्हटलं, "शाबास."

सुनावणीला आम्ही दिल्लीला गेलो. आम्ही दोघी, वकील आणि "मला दिल्ली बघायचीच आहे" म्हणून बाबा. कंपनीच्या बाजूला काळे कोट इतके होते की मी मोजायला घेतले आणि अकरावर सोडून दिले. त्यांचं म्हणणं गोड होतं. ऑफिसचं सॉफ्टवेअर आणि मीटिंगचं सॉफ्टवेअर या दोन वस्तू नाहीतच, एकच आहे. वेगळी केली तर सगळंच कोसळेल. शिवाय ग्राहकांना ते आवडतं. बघा, किती जण वापरतात.

पाटीची गोष्ट ते काढणार हे माहीत होतं, म्हणून आमच्या वकिलाने ती आधीच काढली. उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या अशिलांनी हीच चूक लहान प्रमाणात केली, ही पावती, हे अक्षर, आणि मग त्यांनी ती सुधारली. आयोगातले एक वयस्कर गृहस्थ पावती बघून माझ्याकडे वळले. त्यांनी हिंदीत विचारलं, वेगळं केल्यावर काय झालं?

माझं हिंदी रत्नागिरीचं. पण मी भांडताना कुठल्याही भाषेत अडत नाही. मी म्हटलं, "साहेब, पाट्या परत आल्या. निम्म्याच्या वर आल्या. आम्हाला वाटायचं, सगळ्यांना पाटी आवडते. कारण सगळ्यांकडे होती. फळा मात्र एकाही शाळेने परत केला नाही. कुठली वस्तू लोकांना खरंच हवी होती ते आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, "वेगळं करायला किती वेळ लागला?"

"एक महिना."

"किती जणांना?"

"आम्हा दोघींना."

ते कंपनीच्या बाजूला वळले. "आणि आपल्याकडे किती माणसं कामाला आहेत?"

अख्ख्या दालनात हशा पिकला. काळ्या कोटांतलेही दोघे हसले. बाबांनी मागच्या बाकावरून एकदम टाळी वाजवली आणि शिपायाने त्यांना बाहेर काढलं. ते बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे राहून काचेतून आमच्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मला पुढचं अर्धं कामकाज ऐकूच आलं नाही.

निकाल यायला बरेच महिने गेले. आला तो एका सकाळी, वकिलाच्या फोनवरून, आणि ती बाई चक्क ओरडत होती. कंपनीने ऑफिसचं सॉफ्टवेअर मीटिंगशिवायही विकायला हवं, आणि कमी किमतीला. ज्यांच्याकडे ते आधीच घुसलंय त्यांना ते काढता यायला हवं. आणि प्रत्येक जुन्या ग्राहकाला स्क्रीनवर साध्या भाषेत विचारायला हवं की हे ठेवायचं, काढायचं, की दुसरं कुणाचं घ्यायचं. आम्ही जिंकलो होतो. आम्ही दोघी गोण्यांमध्ये अक्षरशः नाचलो. बाबांनी शेजारच्या दुकानांत पेढे वाटले आणि विचारेल त्याला सांगितलं की जगातल्या सगळ्यात मोठ्या लिंकिंगवाल्याला माझ्या पोरींनी पाणी पाजलं. पोरी, अनेकवचनी. माझी भागीदार ते ऐकून आत जाऊन डोळे पुसून आली.

पण नाचून झाल्यावर मी गेलेल्या शाळांची यादी काढून बसले. इतकी वर्षं मी ओरडत होते, लोकांना निवडू द्या, निवडू द्या. आता ते निवडणार होते. आणि त्यांनी आम्हाला निवडलंच नाही तर? मग दोष कुणाला द्यायचा? भागीदाराच्या भावाने कुवेतची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. स्क्रीनवर तो प्रश्न त्याच महिन्यात येणार होता. आम्ही दोघी माळ्यावर बसून फोनकडे बघत होतो.

पहिला फोन गुहागरच्या गणिताच्या बाईंचा. "चारही!" एवढंच म्हणाल्या. गेलेल्या दोन्ही शाळा परत आल्या होत्या, आणि त्यांतल्या एका शाळेत तर मुख्याध्यापकांनी पोरांना गोळा करून सगळ्यांदेखत ते दुसरं सॉफ्टवेअर काढण्याचं बटण दाबलं होतं. मग सड्यावरच्या शाळा येत गेल्या, एकामागून एक. काही पूर्वी कधी आमच्याकडे नव्हत्याच अशाही आल्या. त्या आठवड्यात मी इतकी हसले की माझे गाल दुखले. पंधरा दिवसांत निम्म्याच्या वर शाळा आमच्या यादीत परत आल्या आणि माझी भागीदार त्यांच्यापुढे हिरव्या पेनने खुणा करत बसली. खुणा करायची, पण कुवेतबद्दल एक शब्द बोलायची नाही.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी राजापूरच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. तेच सज्जन, तेच सावकाश बोलणं. "बाई, तो प्रश्न आला आमच्या स्क्रीनवर. मी सगळ्या शिक्षकांना घेऊन बसलो. दोन्ही चालवून बघितली, दोन तास. आमच्याकडं आता रेंज सुधारलीय, आणि आमच्या चित्रकलेच्या सरांना चित्र दिसायला हवं. भांडणंसुद्धा झाली, तिघं तुमच्या बाजूनं होते. पण शेवटी ठरलं. तुमचं नको. त्यांचंच ठेवतो."

"दोन तास बसलात?" मी विचारलं.

"होय, का?"

"भांडलात?"

"अहो, चांगलेच भांडलो."

मी त्यांचे आभार मानले, दोनदा मानले. त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय आणि ते माफी मागायला लागले. मी त्यांना कसं समजावणार? पहिल्या वेळी ते गेले होते तेव्हा त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि मलाही नाही. आज त्यांनी मला नाकारलं होतं, दोन तास घालवून, कारण सांगून, माझ्या बाजूने तिघांना भांडू देऊन. मी हरले होते आणि मला खदखदून हसू येत होतं.

"काय म्हणाले?" भागीदाराने विचारलं.

"नको म्हणाले."

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग पेन ठेवलं आणि तिचा फोन वाजायची वाट न बघता स्वतःच भावाला लावला. मी ऐकू नये असा तिचा प्रयत्न नव्हता. "भाई, ती जागा दुसऱ्या कुणाला दे," ती म्हणाली. पलीकडून त्याने काहीतरी विचारलं. "सगळ्या नाय आल्या परत," ती म्हणाली. "निम्म्याच्या वर आल्या. बाकीच्यांनी नको म्हटलं. पण विचार करून म्हटलं, भाई. पुढल्या वर्षी विचार बदलू शकतात." तो बराच वेळ बोलत होता. ती "होय, होय" करत होती आणि मान मात्र नाही अशी हलवत होती.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "राजापूरच्या त्या चित्रकलेच्या सरांना पटवायला कधी जायचं?"

मी खाली बाबांना हाक मारून राजापूरची पहिली एसटी किती वाजता सुटते ते विचारलं.